कडबा, गूळ, वांगी, मोर

आमच्या घरात पोलादाच्या रंगांना नावं आहेत. कडबा, गूळ, वांगी, मोर. अण्णांनी ती त्यांच्या वडिलांकडून घेतली. मी ती शाळेतून आल्यावर भट्टीच्या पंख्याचं हँडल फिरवता फिरवता ऐकली. दुसऱ्या कुठल्या भट्टीवर हीच नावं असतील असं मला वाटत नाही.

लाल तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं. इतकं कडक, की हातातून फरशीवर पडलं तर काचेसारखं तडकू शकतं. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. या वेळी ते लाल होऊ द्यायचं नाही. आधी वाळलेल्या कडब्याचा फिकट पिवळा रंग येतो, मग गुळाचा, मग वांग्याचा, मग मोराच्या मानेचा निळा. रंग जसा पुढे सरकतो तसा कडकपणा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. हव्या त्या रंगावर थांबायचं, बस. बुडवण्यापासून थांबण्यापर्यंतच्या या सगळ्याला मिळून 'पाणी देणं' म्हणतात. बाकी ठोकणं, घासणं, मूठ बसवणं कुणीही शिकेल, पाणी देता आलं पाहिजे, असं अण्णा म्हणतात. ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आमच्या आर्किटेक्टच्या चेहऱ्यावर डेटाबेसबद्दल बोलताना येतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. डिग्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची. आम्ही लोहार. भट्टी श्रीरामपुरात, नेवासा रोडला. तिकीट काढताना मात्र श्रीरामपूर शोधायचं नाही. आमच्या स्टेशनचं नाव बेलापूर, आणि ऑफिसात 'बेलापूरला चाललोय' म्हटलं की नवी मुंबईत राहणारे लोक खूश होतात.

आमचं सगळं पोलाद उसातून येतं, असं मी मित्रांना सांगतो आणि त्यांना ते कळत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि या भागात ऊस पसरला. बेलापूर कंपनीचा हरेगावचा साखर कारखाना, टिळकनगर, १९५० साली लोणीला सुरू झालेला सहकारी कारखाना, नंतरचा अशोकनगरचा. ऊस म्हणजे ट्रक आणि ट्रॉल्या. त्यात क्षमतेपेक्षा जास्त माल भरणार म्हणजे भरणारच. मग कमानीचे पाटे तुटतात. तुटलेला पाटा भंगारात जातो, भंगारातून आमच्याकडे येतो, आणि त्याचा कोयता होऊन पुन्हा त्याच उसात जातो. हा पाटा बहुतेक वेळा ईएन-४५ नावाच्या पोलादाचा असतो. त्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन आणि दीड-दोन टक्के सिलिकॉन असतं. अण्णांना हे नाव मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." त्यांची परीक्षा वेगळी. ते पाट्याचा तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या बघतात आणि नको तो बाजूला फेकतात.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे फक्त हत्यार नाही, हे नगर-बीडकडच्या वाचकांना सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम किती कोयते घेऊन आला, यावर टोळी मोजली जाते. उचल कोयत्यावर मिळते आणि मजुरी टनावर. म्हणून धारेचा कपचा उडाला की दोन माणसांचा दिवस अडतो.

गेल्या दिवाळीनंतर आमचे कोयते परत यायला लागले. पहिल्या आठवड्यात दोन, मग आणखी तीन. सगळ्यांना एकच आजार, धारेचे बारीक कपचे उडालेले. कोयता वाकला, मूठ निघाली, बोथट झाला, अशा तक्रारी आम्ही ऐकलेल्या होत्या. ही नवी होती. पाथर्डीकडची एक बाई, अण्णांकडून पंधरा वर्षं कोयते नेणारी, काही न बोलता कोयता ऐरणीवर ठेवून उभी राहिली. अण्णांनी तिला दुसरा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि ती गेल्यावर भट्टी विझवली. दुपारचे बारा वाजले होते.

मी दिवाळीला आलो होतो आणि वर्क फ्रॉम होम घेऊन थांबलो होतो. माझ्या टीममधल्या एका मित्राने स्वयंपाकाच्या चाकूची ऑर्डर दिली होती. तो मटण स्वतः आणतो, स्वतः कापतो आणि त्यावर तासभर बोलतो. साडेसात इंचाचं पातं, बाभळीची मूठ, मुठीत पितळी रिव्हेट. सहा हजार रुपये त्याने आधीच पाठवले होते. आमच्या कोयत्याचे चारशे होतात. अण्णांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मित्राच्या तब्येतीची चौकशी केली.

पण कोयते परत येऊ लागल्यावर ते चाकूला हात लावेनात. "माझं पाणी गेलंय," म्हणाले.

मला सवय आहे या वाक्याची. ऑफिसात कुणीतरी म्हणतं की काल चालत होतं, आज चालत नाही. मग पहिला प्रश्न एकच असतो, मधे काय बदललं? पोलाद तेच, कोळसा तोच, हौदातलं पाणी तेच. बदललेल्या गोष्टी दोन निघाल्या. एक, उन्हाळ्यात मी भट्टीतला शंभर वॅटचा पिवळा बल्ब काढून पांढरी एलईडी ट्यूब लावली होती. दोन, ऑगस्टमध्ये अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

काचेच्या आणि लोखंडाच्या भट्टीवर आयुष्य काढणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर गाठतो, हे डॉक्टरांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. जाळातून निघणारी अवरक्त उष्णता डोळ्याच्या भिंगावर काम करत राहते. शिवाय वयानुसार भिंग पिवळट होत जातं. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं. हे वर्षानुवर्षं इतकं सावकाश होतं, की मेंदू जुळवून घेतो आणि माणसाला पांढरं पांढरंच वाटतं. मग एका दिवसात ते भिंग निघतं आणि स्वच्छ कृत्रिम भिंग बसतं. अण्णा ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा म्हणाले होते, "आईने भिंतीला नीळ लावलीय का?" आम्ही हसलो होतो. चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याचं असंच ऑपरेशन १९२३ साली झालं, आणि नंतर रंग बिघडल्याची तक्रार तो करत राहिला, रंगीत काचांचे चष्मे लावून बघत राहिला. मोनेचा व्यवसाय रंगांचा होता हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णांचाही आहे, हे डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये 'लोहारकाम' लिहिताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझा अंदाज असा होता. निळा कमी दिसणाऱ्या डोळ्याला जांभळा रंग आधी तपकिरीच वाटणार. तो 'वांगी' म्हणेपर्यंत पोलाद निळ्याकडे झुकलेलं असणार. नवा डोळा जांभळा लवकर पकडतो, म्हणजे अण्णा आता लवकर थांबतात. लवकर थांबलं की पातं जास्त कडक राहतं. आणि जास्त कडक पात्याचे कपचे उडतात.

हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे आतापर्यंत मी चुकीचा रंग बघत होतो?" मी म्हणालो, रंग कुठलाही बघा, कोयते बरोबर होत होते ना. यावर ते बराच वेळ विडी न पेटवता हातात धरून बसले.

उजव्या डोळ्याची तारीख संक्रांतीनंतरची होती. म्हणजे अण्णांच्या डोक्यात तेव्हा दोन डोळे होते, एक जुना आणि एक नवा, आणि जुना सात आठवड्यांनी कायमचा जाणार होता. जुन्याला विचारून घ्यायचं ते तेवढ्यातच.

एकाच पाट्याचे आठ तुकडे कापले. आठही एकाच तेलात बुडवून कडक केले, पॉलिश पेपरने आरशासारखे घासले आणि त्यांवर एक ते आठ आकडे ठोकले. आईच्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये के-टाइप थर्मोकपल सोडलं. ते एका छोट्या मॅक्स-६६७५ सर्किटला जोडलं आणि आकडे लॅपटॉपवर घेतले. एक नंबरचा तुकडा १८० अंशांना, दोन नंबर २०० ला, असं वीस-वीसने चढत ३२० पर्यंत. प्रत्येक तुकडा पंधरा मिनिटं. ओव्हन अडीचशेच्या पुढे जात नाही, म्हणून वरचे चार गॅसवर कढईत वाळू तापवून केले. आईने कढई कायमची भट्टीला दिली. या आकड्यांची किंमत आमच्यापुरतीच आहे, कारण हा रंग उष्णतेइतकाच वेळेवरही अवलंबून असतो. पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो. त्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतो, पेट्रोल पंपावर पाण्यात सांडलेल्या डिझेलवर दिसतो तसाच. थर जाड झाला की रंग बदलतो. भट्टीवर हा काही सेकंदांचा खेळ असतो, ओव्हनमध्ये पंधरा मिनिटांचा.

आठ तुकडे फळीवर ओळीने खिळ्यांनी बसवले आणि अण्णांना दारात उजेडाला बसवलं. डावा डोळा झाकून, उजव्या म्हणजे जुन्या डोळ्याने: कडबा तीन नंबर, वांगी सात नंबर. मग उजवा झाकून, डाव्याने: कडबा दोन नंबर, वांगी सहा नंबर. मी फळी उलटी धरली, तुकड्यांची जागा बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पिवळा बल्ब परत लावून विचारलं. बल्बखाली फरक जरा कमी झाला, पण गेला नाही.

एका घराचा फरक. आईने फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी दोन महिने तोंड पाडून बसला होता?" लग्नानंतर वीस वर्षं या भट्टीवर घण तिने मारला आहे, पॉवर हॅमर येईपर्यंत. अण्णा बारीक हातोडीने जागा दाखवायचे, ती घण टाकायची. तिला बोलायचा अधिकार आहे.

फळीचा फोटो काढायला गेलो आणि गंमत झाली. मला रंग जपून ठेवायचे होते, कारण तुकडे आज ना उद्या गंजणार. फोनने काढलेल्या फोटोत दोन आणि तीन नंबर चक्क राखाडी आले. फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवतो. फ्रेममध्ये फिकट पिवळं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो ते पिवळेपण पुसून टाकतो. अण्णांना समजावून सांगितलं. ते फोनकडे बघून म्हणाले, "म्हंजे हा माझा जुना डोळा आहे." यापेक्षा नेमकं मला ऑफिसात कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही. मग करड्या रंगाचं कार्ड फळीशेजारी ठेवलं, व्हाइट बॅलन्स लॉक केला, फोटो रॉमध्ये घेतले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांनी चाकू घेतला. पाटा तापवून सरळ केला, पॉवर हॅमरखाली ताणला, पातं हाताने काढलं. लाल पात्याला मी लोहचुंबक लावून दाखवणार होतो. ७७० अंशांच्या पुढे लोखंड चुंबकाला चिकटत नाही, आणि त्याच्या थोडं पुढे पातं बुडवायला तयार असतं. अण्णांनी फळकुटामागून जुन्या स्पीकरचं चुंबक काढून दिलं. त्यांचे वडील वापरायचे. कोयत्याची नुसती धार पाण्यात बुडवतात. हे पातं पातळ, पाण्यात तडकलं असतं, म्हणून कोमट करडईच्या तेलात पूर्ण बुडवलं. भट्टीभर भज्यांचा वास सुटला.

मग पाणी उतरवायची वेळ आली. जाड लोखंडी पहार लाल करून तिच्यावर पात्याची पाठ टेकवायची. रंग पाठीकडून धारेकडे चालत येतो. पाठीला मोर, मधे वांगी, गूळ, आणि धारेला कडबा पोचला की झटकन उचलायचं. अण्णांनी उजवा डोळा झाकून घेतला. नव्या डोळ्याने त्यांना दोन नंबरचा कडबा दिसला असता तेव्हा हात उचलावासा वाटणार होता, आणि त्यांना थांबून राहायचं होतं. चाळीस वर्षांचा हात एका घराने पुढे न्यायचा. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. ते हललं, पुन्हा स्थिर झालं. मग पातं उचलून त्यांनी दाराकडे धरलं, डोळे बदलले, जुन्या डोळ्याने बघितलं आणि फळीतल्या तीन नंबरशेजारी ठेवलं.

धार लावून पितळी सळईवर दाबून बघितली. चांगली धार सळईवर किंचित वाकते आणि दाब काढला की सरळ होते. कपचा उडाला तर पातं जास्त कडक, वाकलेलीच राहिली तर मऊ. सळईवर धार पाठीपासून टोकापर्यंत तीनदा फिरवली. दर वेळी सरळ झाली.

मित्राला फोटो हवे होते. चकचकीत पातं हा आरसा असतो, त्यात पात्याचा नाही, समोरच्या वस्तूचा फोटो येतो. पहिल्या दहा फोटोंत माझा टी-शर्ट आहे. मग भट्टीच्या उत्तरेच्या दारात आजोबांचं पांढरं धोतर ताणून बांधलं, म्हणजे पात्यात फक्त पांढरं उमटेल. धारेच्या बाजूला काळी छत्री धरली, म्हणजे धारेची रेघ गडद येईल. छत्री आईने धरली. तिची काळजी वेगळी होती. पेपरात कोयता गँगच्या बातम्या यायला लागल्यापासून हत्याराचा फोटो म्हटलं की तिला पोलीस दिसतात. स्टेटसला कोयता टाकून चौकीत गेलेली पोरं तिने ऐकली आहेत. कायद्यात घरकामाची आणि शेतीची पाती वगळलेली आहेत, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "फोटोवर लिहिलेलं असतं का, घरकामाचं म्हणून?" मग मी चाकूशेजारी दोन कांदे ठेवले.

मित्राला पाठवलेल्या फोटोंत सगळं आहे: बाभळीच्या मुठीच्या रेषा, पितळेचे गोल, पात्याची उतरण. पाणी नाही. कारण रंग शेवटच्या पॉलिशमध्ये घासून निघतो. अण्णांनी जे केलं ते पोलादाच्या पोटात आहे आणि वर त्याची खूण नाही. माझ्याकडे मात्र पॉलिशच्या आधीचा एक फोटो आहे. पात्याला काजळी, कडेला तेलाचे डाग, आणि पाठीपासून धारेपर्यंत मोर, वांगी, गूळ, कडबा. अण्णांना तो आवडत नाही. "अर्धवट काम कशाला दाखवतो लोकांना?" मित्राला मी तो पाठवला. त्याने विचारलं, असाच रंगीत मिळेल का? नाही मिळणार, पहिल्या टोमॅटोत जाईल, असं कळवलं.

उरलेल्या दिवसांत अण्णांनी कोयते केले. उजवा डोळा झाकून करायचे, मग जुन्या डोळ्याने तपासायचे. पहिल्या दिवशी दहातले चार चुकले, दहाव्या दिवशी एकही नाही. आकडे त्यांनी कधीच पाठ केले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला म्हणाले, "त्या सात नंबरला वांगी म्हणू नको. या डोळ्याला ते वांगं नाहीच. जांभूळ आहे." तेव्हापासून कोयता जांभळावर थांबतो. परत आलेल्या पाचही कोयत्यांना त्यांनी नव्याने पाणी दिलं, आणि पाथर्डीच्या बाईचा कोयता मुकादमाच्या ट्रॅक्टरवर पाठवून दिला.

दुसरं ऑपरेशन जानेवारीत झालं. पट्टी सुटल्यावर अण्णांनी आधी फळी मागवली, डोळे आळीपाळीने झाकले आणि दोन्ही वेळा तीच उत्तरं दिली. मग म्हणाले, "आता जुन्यासारखं कसं दिसायचं ते मला आठवतच नाही."

नेवाशाला माझ्या चुलतभावाची भट्टी आहे. त्याचं वय चौरेचाळीस, डोळ्यांना अजून काही नाही. मी पुण्याला निघालो त्या सकाळी अण्णांनी पाट्याचा एक लांब तुकडा माझ्यापुढे टाकला आणि आणखी आठ कापायला सांगितले. त्याच्यासाठी. मी म्हटलं, त्याला एवढ्यात गरज नाही, सावकाश करू.

"त्याचे डोळे चांगले आहेत तोवरच कर," अण्णा म्हणाले. "आणि त्याच्याकडूनच नावं घाल. माझी देऊ नको."

मी बस सोडली. संध्याकाळपर्यंत तुकडे कापून झाले.